दादाच्या आठवणी इथे आणा: लिहून, बोलून, जमेल तशा

स्वतः अंध असून कितीजणांना संगणक शिकवणारा आपला दादा गेल्यापासून जो तो आपल्या फोनमध्ये त्याचे व्हॉइस नोट शोधतोय. ते सगळं एका जागी यावं म्हणून हा धागा. आपल्यातले कितीतरी जण त्याला प्रत्यक्ष कधी भेटलेच नाहीत. ओळख आवाजावरून झाली आणि आवाजावरच टिकली. तेव्हा लिहिणं जमत नसेल तर बोलून पाठवा. फोटो असेल तर त्याखाली वर्णन हवंच. बिनवर्णनाचा फोटो दादाने कुणाचाच खपवून घेतला नाही.

आणखी एक, जरा घाईचं. स्क्रीन रीडर (पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम) शिकवतानाची त्याची रेकॉर्डिंग त्याच्या गूगल ड्राइव्हवर आहेत. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल आतल्या फायलींसकट काढून टाकू शकतं. लिंक असेल त्यांनी आत्ताच उतरवून घ्या.

*

माझी नजर मोठेपणी गेली. संगणक आता आपल्यासाठी संपला, असं मी धरून चाललो होतो. दादाचा पहिला प्रश्न होता, "इन्सर्टचं बटण सापडलं का?" एनव्हीडीए या स्क्रीन रीडरच्या बऱ्याच आज्ञा तिथून सुरू होतात. दुसऱ्या दिवशी त्याने मॉनिटर बंद करायला लावला, कारण उरल्यासुरल्या नजरेने मी पडद्याला नाक लावून बसायचो. मला भयंकर राग आला. तो म्हणाला, "राग येऊ दे, बटणं दाबत राहा." मग आवाजाचा वेग थोडा थोडा वाढवत नेला. त्याचा स्वतःचा वेग असा, की डोळस माणसाला नुसती किरकिर ऐकू यावी.

एनव्हीडीए २००६ साली मायकेल करन यांनी लिहायला घेतलं, पुढे जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले, आणि दोघेही अंध, हे तो प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगायचा. "आपल्याच माणसांनी केलंय, फुकट दिलंय. आता शिकायचं काम तुझं." आज मी दुसऱ्यांना शिकवतो तेव्हा तोंडी हीच वाक्यं येतात.

*

आमची मैत्री बुद्धिबळातली. फोन चालू, दोघांपुढे आपापला पट: काळी घरं किंचित उंच, प्रत्येक घराला भोक, मोहऱ्यांना खाली खुंटी. त्यामुळे हात फिरवला तरी डाव विस्कटत नाही. स्पर्धेतल्यासारखी चाल मोठ्याने बोलायची, हा त्याचा आग्रह. पटाच्या ए ते एच या उभ्या रांगांना नावं: आना, बेला, सेझार, डाव्हिड, एव्हा, फेलिक्स, गुस्ताव, हेक्टर. "बी म्हणालास की डी?" ही भानगडच नाही. अडचणीत आला की गुणगुणायला लागायचा, त्यावरून मला कळायचं. आमच्या अर्धवट राहिलेल्या डावात माझा घोडा फेलिक्स पाचवर होता, आणि दादा खूप गुणगुणत होता.

*

मी डोळस. चालताना तो माझं कोपर धरायचा, मी अर्धं पाऊल पुढे. पायरी आली की मी क्षणभर थांबायचे, तेवढं त्याला पुरायचं. गप्पा तुटायच्या नाहीत. पुढे वडिलांची नजर अधू झाली तेव्हा हेच कामी आलं.

*

माझ्याकडे फक्त त्याच्या हसण्याचं रेकॉर्डिंग आहे. पाठवतोय.

*

माझी मुलगी जन्मांध. तिला ब्रेल यायला हवं तर आधी आईला यायला हवं, असं दादाचं म्हणणं. त्याने स्लेट (चौकटींची पट्टी) आणि स्टायलस (टोचणी) यांनी ब्रेलमध्ये लिहिलेलं पत्र पाठवलं. स्लेटवर उजवीकडून डावीकडे, अक्षर उलटं टोचत जायचं, तेव्हा कागद पालटल्यावर ते सुलट लागतं. एवढ्या कष्टाचं पत्र, आणि मी ते डोळ्यांनी वाचत होते. फोनवर माझ्या वेगावरून त्याने ओळखलं. "ताई, डोळे मिटा."

पहिली वेलांटी मला फार छळायची. छापील मराठीत ती अक्षराआधी दिसते. ब्रेलमध्ये अक्षरानंतर येते, उच्चाराच्या क्रमाने. मुलीला त्यात काही अडलंच नाही.

ते पत्र मी उभं ठेवते, वर वजन पडलं की ठिपके दबतात. मुलगी आता ते स्वतः वाचते. परवा तिला त्यात चूक सापडली: एका ठिकाणी 'म'ऐवजी 'न' झालाय, पाचवा ठिपका जास्तीचा. दादाला सांगायचं राहिलं म्हणून ती खट्टू झाली होती. मग म्हणाली, इथे सांगते. तिचं रेकॉर्डिंग सोबत जोडलं आहे.