मदत हवी आहे: घड्याळाच्या चामडी पट्ट्यावर पावसाळ्यात बुरशी येते

नमस्कार मंडळी,

वडिलांचं एचएमटी जनता आता मी वापरते. सकाळी किल्ली दिली की दिवसभर वेळ चोख. अडचण पट्ट्याची आहे. १८ मिमीचा तपकिरी चामडी पट्टा बाबांनी स्वतः निवडून बसवून घेतला होता, त्यामुळे तोच टिकवायचा आहे. आम्ही चिपळूणचे. जून लागला की कपाटातल्या चामड्याच्या प्रत्येक वस्तूवर पांढरी बुरशी चढते. पट्ट्यावरची पुसली तरी पुन्हा येते. आतली बाजू घामाने काळी, कडक झाली आहे, भोकांपाशी बारीक भेगा आहेत आणि कुबट वास जात नाही.

घड्याळवाले म्हणाले, "टाकून द्या, रेक्झिनचा घाला." शेजारचे काका म्हणतात, "एरंडेल चोळ, कोल्हापुरी चपलेला चोळतातच की." तेलाने बुरशी आणखी वाढेल का? वास कसा घालवायचा? पावसाळ्यात ठेवायचा कसा?

प्रतिसाद १:
ताई, एरंडेल नको. कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं. जाड असतं, तेल पिऊन घेतं. घड्याळाचा पट्टा बहुधा क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेला, वर रंगाचा लेप, आणि दोन पातळ थर चिकटवून शिवलेले. तेल मुरलं की थर सुटतात.

पट्टा घड्याळापासून सोडवा. कोरडी बुरशी घराबाहेर मऊ ब्रशने झाडा. ओलसर, घट्ट पिळलेल्या कापडाने आतला घामाचा थर पुसा. घामातलं मीठ साध्या पाण्यानेच निघतं. मग सावलीत, पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. उन्हात अजिबात नको, आणखी कडक होईल. वासही बराचसा वाळल्यावरच जातो. शेवटी रंगहीन लेदर क्रीम, अगदी बोटाच्या टोकावर मावेल एवढंच. आधी आतल्या बाजूला लावून रंग बदलतो का ते बघा.

प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, दमट हवा कोंडते. पूर्ण वाळलेला पट्टा घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पाऊस संपेपर्यंत घड्याळाला नायलॉनचा पट्टा घाला.

भेगा मात्र क्रीमने भरत नाहीत. भेग भोकापासून कडेपर्यंत गेली असेल तर तो हातावर बांधू नका, तुटून घड्याळच पडेल.

धागाकर्ती:
खूप आभार! आत्ताच बघितलं, एक भेग जवळजवळ कडेला टेकली आहे. वरचं चामडं तसंच ठेवून आतला थर नवा शिवून देणारे कारागीर रत्नागिरी-चिपळूण भागात कुणाला माहीत आहेत का? पुण्यापर्यंत यायचीही तयारी आहे.