अर्धी पट्टी म्हणजे हलगर्जीपणा नव्हे

तुमच्या भावाच्या घोट्याला तडा गेलाय आणि डॉक्टरांनी पूर्ण प्लास्टर न घालता मागून नुसती स्लॅब, म्हणजे प्लास्टरची अर्धी पट्टी, बांधून आठवड्याने बोलावलंय, यात हयगय तर नाही ना, असं तुम्ही विचारलंत. नाही हो. ताज्या मारात दोन-तीन दिवस सूज वाढते. तेव्हाच चारी बाजूंनी प्लास्टर घातलं तर आत पाय आवळतो. माझ्या आईलाही फोंड्याला आधी अशी स्लॅबच बांधली होती. आषाढात शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायरीवरून ती घसरली होती.

सूज उतरल्यावर पूर्ण प्लास्टर घालताना पाऊल नडगीशी काटकोनात धरतात. दुखतं, पण तेव्हा पाऊल खाली सोडू देऊ नका, नंतर टाच टेकायला त्रास होतो. ओली पट्टी सुकताना गरम लागते, आई घाबरलीच होती. ते प्लास्टरमधल्या जिप्समचं घट्ट होणं आहे. मात्र चटका बसतोय असं वाटलं तर लगेच सांगायचं. वरून कडक झालं तरी आतून सुकायला दोन-तीन दिवस जातात, आणि आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात जास्तच. पंखा लावा, चादरीने झाकू नका, पाय उशांवर छातीपेक्षा उंच ठेवा.

खाज सुटली तरी आत विणायची सुई अजिबात घालू नका.

बोटं निळी-पांढरी पडली, बधिर झाली, किंवा गोळी घेऊनही कळ वाढतच गेली, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ला फोन करा, रात्र असली तरी. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, तातडीचा विभाग चोवीस तास चालू असतो.