कर लावून बंदी घालायची ही रीत अमेरिकेत रुळली कशी?

रानवाट:
अमेरिकेचा १९३७ चा गांजावरचा कायदा वाचते आहे. सरळ बंदी असेल असं वाटलं होतं, पण आहे तो कर! घेणाऱ्याची नोंदणी असेल तर औंसामागे १ डॉलर, नसेल तर १०० डॉलर. एवढं आडवळण कशासाठी?

जुनावाचक:
कारण तिथल्या राज्यघटनेत आहे. आरोग्य, सुरक्षितता यांवर नियम करण्याचा सर्वसाधारण अधिकार राज्यांकडे. केंद्राकडे तो नाही, कर बसवण्याचा मात्र आहे. थेट मनाई करता येत नसेल तिथं कर कामाला लावायचा.

गांजा त्यात बराच उशिरा आला. १८८६ मध्ये लोण्याच्या धंद्याला वाचवायला मार्गारीनवर, म्हणजे लोण्याऐवजी वापरायच्या स्वस्त पदार्थावर, पौंडाला २ सेंट कर बसला. १९०२ मध्ये पिवळा रंग घातलेल्या मार्गारीनवर १० सेंट आणि बिनरंगीवर पाव सेंट. तिजोरीला रंगाशी काय देणंघेणं? तरी १९०४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं संसदेच्या हेतूत शिरायचं नाकारलं. दार उघडलं ते तिथं, असं माझं ठाम मत आहे.

मग १९१४ चा हॅरिसन कायदा. अफू, कोकेनचा व्यवहार करणाऱ्या डॉक्टर-औषधविक्रेत्यांनी वर्षाला फक्त १ डॉलर भरायचा, नोंदणी करायची, हिशेब ठेवायचा. डॉक्टरला सूट होती ती ‘व्यावसायिक उपचारापुरती’. या शब्दांचा अर्थ लावणार कोण? महसूल खातं! व्यसनी माणसाला त्रास होऊ नये म्हणून नियमित मात्रा देणं हा उपचारच नव्हे, असा अर्थ खात्यानं लावला आणि १९१९ मध्ये न्यायालयानं तो उचलून धरला. डॉक्टरांवर खटले झाले. रुग्णाला काय लिहून द्यायचं हे करवसुली करणाऱ्यांनी ठरवावं, हे मला आजही संतापजनक वाटतं.

काजळमाया:
पण काडेपेट्यांचं काय? पांढऱ्या फॉस्फरसनं कामगारांच्या जबड्याचं हाड कुजायचं. १९१२ मध्ये त्या काड्यांवर शंभराला २ सेंट कर बसला आणि तो धंदाच थांबला. शिवाय १९२२ मध्ये बालमजुरीवरचा कर न्यायालयानं रद्द केलाच की. म्हणजे लगाम होता.

जुनावाचक:
काड्यांचा कायदा मलाही योग्य वाटतो. पण अशा चांगल्या कामांमुळेच या हत्याराबद्दल कुणाला शंका येत नाही. लगामाचं म्हणाल तर, बालमजुरी लावणाऱ्यांच्या नफ्यावरचा १० टक्के कर ‘हा कर नसून दंड आहे’ म्हणून गेला खरा. पण १९३४ मध्ये मशीनगनच्या हस्तांतरणावर २०० डॉलरचा कर आला, त्याच कायद्यातला विक्रेत्यांवरचा कर १९३७ मध्ये न्यायालयात टिकला. तिथला पुढचा भाग जरूर बघा: त्याच कायद्यात बंदुकीचा आवाज दाबणारे सायलेन्सरही येतात; २०२६ पासून त्यांच्यावरचा तो कर शून्य झाला, नोंदणीची सक्ती मात्र कायद्यात तशीच राहिली. माझ्या मते खरी सत्ता त्या नोंदवहीत असते.

रानवाट:
आणि गांजाच्या कराचं पुढे काय झालं?

जुनावाचक:
१९६९ मध्ये टिमथी लिअरी या मानसशास्त्रज्ञाच्या खटल्यात तो अडकला. राज्यांच्या कायद्यांत गांजा बाळगणं गुन्हा होतं, म्हणून कर भरायला जाणं म्हणजे स्वतःच्या गुन्ह्याची कबुली देणं, आणि तशी सक्ती घटनेला मान्य नाही. १९७० मध्ये त्याच्या जागी थेट नियंत्रणाचा कायदा आला. तोवर राज्याराज्यांतल्या व्यापारावर केंद्राला अधिकार देणाऱ्या घटनेतल्या कलमाचा अर्थ न्यायालयांनी इतका रुंद केला होता की कराच्या आडोशाची गरजच उरली नव्हती.