जॅममधलं फळ गेलं कुठे?

परवा मिक्स फ्रूट जॅमची नवी बाटली उघडली. चमच्यावर थलथलीत गोळा आला, पोळीवर पसरेचना. लेक म्हणाला, "आई, हे खोकल्याचं औषध आहे का?" आमच्या लहानपणी जॅम खाल्ला की स्ट्रॉबेरीच्या बिया दातात अडकायच्या. की माझीच जीभ बदलली?

प्रतिसाद १
ताई, जीभ ठीक आहे. मागचे घटक वाचा; वजनाने जास्त ते आधी छापावं लागतं. नियमाने जॅमला किमान ४५ टक्के फळ लागतं, स्ट्रॉबेरीला मात्र २५ टक्केही चालतं. लाल रंग बऱ्याचदा १२२ नंबरचा, म्हणजे कार्मोइसिन हा कृत्रिम रंग असतो.

प्रतिसाद २
घरी करा गं! महाबळेश्वरची बारीक, मऊ पडलेली स्ट्रॉबेरी स्वस्तात मिळते. किलोला ६०० ग्रॅम साखर, एका लिंबाचा रस. गार बशीवर थेंब टाकून बोटाने रेघ ओढायची, मिटली नाही की गॅस बंद. साखर कमी आहे, तेव्हा फ्रिजमध्येच ठेव. (माझा पहिला घाणा करपला होता, ढवळत राहा.)

मूळ प्रश्नकर्ती
वाचलं. आधी साखर, मग केळं, मग पपई. अननस पार शेवटी, आणि चित्रात मात्र तोच सगळ्यात मोठा!