नवे गाव नोंदवले, तरी ड्रॉपडाउनमध्ये दिसत नाही

प्रश्न (रावेर)
केळी खरेदीच्या नोंदीसाठी जँगोमध्ये (पायथनमधील वेब फ्रेमवर्क) वेब अर्ज तयार केला आहे. त्यातील 'गाव' या ड्रॉपडाउनची यादी फॉर्मच्या क्लासमध्येच डेटाबेसमधून वाचून चॉइसफील्डला (ठरावीक पर्यायांतून निवड करण्याचे फॉर्ममधील फील्ड) दिली आहे. यावल किंवा चोपडा तालुक्यातील नवे गाव नोंदवले की ते डेटाबेसमध्ये लगेच येते, मात्र सर्व्हर रिस्टार्ट केल्याशिवाय ड्रॉपडाउनमध्ये येत नाही. चमत्कारिक गोष्ट अशी की, कधी पान रिफ्रेश केल्यावर ते दिसते आणि पुन्हा रिफ्रेश केल्यावर नाहीसे होते. ब्राउझरची कॅश साफ करून पाहिली, उपयोग झाला नाही.

उत्तर (धुळे)
ब्राउझरकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. क्लासमध्ये थेट लिहिलेला कोड मॉड्यूल इम्पोर्ट होताना, म्हणजे ती फाइल प्रोसेसमध्ये पहिल्यांदा लोड होताना, एकदाच चालतो आणि त्या क्षणीची यादी ती प्रोसेस संपेपर्यंत तशीच राहते. आपण गनिकॉर्नसारख्या सर्व्हरवर अनेक वर्कर (विनंत्या हाताळणाऱ्या स्वतंत्र प्रोसेस) चालवत असाल, तर त्यातील एखादा मध्येच नव्याने सुरू झाल्यावर त्याच्याकडे ताजी यादी असते व बाकीच्यांकडे जुनी. विनंती ज्याच्याकडे जाईल, तशी यादी दिसते. चॉइसफील्डला यादीऐवजी ती तयार करणाऱ्या फंक्शनचे नाव द्यावे. जँगो १.८ पासून ही सोय असून फॉर्म तयार होताना ते फंक्शन प्रत्येक वेळी चालते. नावापुढे कंस मात्र लावू नये, नाहीतर फंक्शन इम्पोर्टच्या वेळीच एकदा चालेल आणि पहिले पाढे पंचावन्न.

उत्तर (जळगाव)
वरील उपाय योग्यच आहे, पण गावांचे मॉडेल (डेटाबेसमधील टेबलासाठीचा जँगोचा क्लास) असताना मला मॉडेलचॉइसफील्ड अधिक सरळ वाटते. त्याला दिलेला क्वेरीसेट (डेटाबेसमधून नोंदी मागवणारी क्वेरी) यादी दाखवायच्या वेळी डेटाबेसला नव्याने विचारतो. क्वेरीसेटला लिस्टमध्ये मात्र गुंडाळू नये, कारण या फील्डला क्वेरीसेटच लागतो, लिस्ट दिल्यास त्रुटी येते. शिवाय क्लासमध्ये डेटाबेस वाचणाऱ्या कोडमुळे रिकाम्या डेटाबेसवर पहिले मायग्रेशन (टेबले तयार करण्याची पायरी) चालवतानाच 'टेबल अस्तित्वात नाही' अशी त्रुटी येते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. फंक्शनने काम झाले. आता तालुका निवडल्यावर जावास्क्रिप्टने त्याच तालुक्यातील गावे भरतो, परंतु अर्ज पाठवल्यावर 'वैध पर्याय निवडा' असे सर्व्हर म्हणतो.

उत्तर (जळगाव)
जावास्क्रिप्टने भरलेले पर्याय सर्व्हरला ठाऊक नसतात. तो स्वतःच्या यादीशीच ताडून पाहतो. मॉडेलचॉइसफील्ड घेऊन फॉर्मच्या इनिटमध्ये (फॉर्म तयार होताना चालणारी मेथड), पाठवलेल्या डेटातून तालुका वाचून, त्यानुसार गावांचा क्वेरीसेट ठरवावा. तालुका रिकामा असल्यास रिकामा क्वेरीसेट द्यावा. ही तपासणी टाळण्यासाठी साधे टेक्स्ट फील्ड वापरण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. मग चोपड्याच्या गावापुढे रावेर तालुका लागलेल्या नोंदीही बिनबोभाट जमा होतील.