शाळा कुणी दिली, कुणी बांधली?

खडूफळा: परवा याच फोरमवर कुणी ठोकून दिलं, 'अमेरिकेत गुलामगिरी सुटली आणि काळ्यांना उत्तरेतल्या मिशनऱ्यांनी आयत्या शाळा दिल्या.' आयत्या? जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना गावात जानेवारी 1865 मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, काळ्या पाद्र्यांनी संस्था काढली, वर्गणी जमवली, शिक्षकही काळेच नेमले. वर्ग भरले ब्रायनच्या गुलामबाजारात, जिथे माणसं विकली जायची तिथेच. त्याआधी जॉर्जियात गुलामाला वाचायला शिकवणं हा गुन्हा होता!

तिरकीटधा: पुढचंही सांगा की. पैसा आटला आणि शाळा मिशनकडेच गेल्या. त्याच गावात सूझी किंग टेलर, स्वतः गुलामीतून सुटलेली काळी शिक्षिका, घरी शिकवायची, महिना एक डॉलर. मिशनची मोफत शाळा, बीच इन्स्टिट्यूट, उघडल्यावर पोरं तिकडे पळाली. अभिमानाने फी भरत नाही कुणी.

खडूफळा: पळाली म्हणजे शिकायचं होतं म्हणूनच ना?

कोनशिला: मुद्दा नावाच्या पाटीचा आहे. 1932 पर्यंत दक्षिणेत काळ्या मुलांसाठी सुमारे 5,000 'रोझेनवाल्ड शाळा' झाल्या, शिकागोच्या ज्युलियस रोझेनवाल्ड शेठच्या नावाने. शेठचे जवळपास 43 लाख डॉलर, काळ्या लोकांचे त्याहून जास्त, 47 लाखांच्या घरात. नाव कुणाचं? शेठचं! इकडे आमच्या गावीही तेच: शाळेसाठी आजोबांनी बैलगाडीने आठ दिवस वाळू ओढली, आजीने कोंबड्या विकून पत्र्याला पैसे दिले. संगमरवरावर नाव मात्र फीत कापायला आलेल्या पुढाऱ्याचं. वरती हुद्दा चुकीचा कोरलाय, तो वेगळाच विनोद.

तिरकीटधा: आली का तुमची कोनशिला! प्रत्येक धाग्यावर तीच वाळू.

कोनशिला: तुमच्या आजोबांनी वाहिली नसेल, म्हणून टोचत नाही.

तिरकीटधा: आजोबांवर जाऊ नका. माझे वडील शिक्षक होते, गळक्या वर्गात छत्री धरून शिकवलंय त्यांनी. म्हणून ही 'लोकवर्गणीची थोरवी' डोक्यात जाते. तिकडची काळी माणसं कर भरतच होती. त्या करातून गोऱ्यांच्या शाळा पक्क्या व्हायच्या, आणि यांनी परत खिशात हात घालायचा. ही वर्गणी नाही, दुसऱ्यांदा वसूल केलेली पट्टी आहे.

खडूफळा: हे पटलं. पण मग 'आयत्या दिल्या' हे तर तुमच्याच हिशोबाने साफ खोटं ठरलं.

तिरकीटधा: बरं, 'आयत्या' मागे घेतो. सत्कार करा आता माझा.

कोनशिला: करू. पाटीवर नाव खडूफळाचं टाकू.