मदत हवी आहे : ससूनच्या जनरल वॉर्डात आईला ॲडमिट करतोय, रात्री सोबत कोण थांबू शकतं?

नमस्कार मंडळी. आईच्या पित्ताशयात खडे आहेत, दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलंय. सोमवारी इंदापूरहून निघून ससूनला ॲडमिट व्हायचंय. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड, आधार आणि सगळे रिपोर्ट झेरॉक्ससह घेतलेत. आरोग्यमित्रांना आधी भेटायचं, एवढं कळलंय.

खरी अडचण वेगळी आहे. घरात मी एकटाच मुलगा, बहीण बाळंतीण. बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुष नातेवाइकाला थांबू देतात का? नसेल तर मी बाहेर व्हरांड्यात पथारी टाकीन, पण आईला रात्री बाथरूमला उठायचं झालं तर कोणाला हाक मारायची? सिस्टरांना की मावशींना?

दुसरं, ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून पोटात काही द्यायचं नाही म्हणतात. तिला शुगर आहे. सकाळची गोळी द्यायची की नाही ते डॉक्टरांनाच विचारीन, पण सांगायचं नेमकं कधी, राउंडला आल्यावर की ॲडमिट होतानाच?

आणि बांगड्या! मंगळसूत्र काढायला कशीबशी तयार झालीय, बांगड्यांवर अडून बसलीय. ऑपरेशनला खरंच सगळं उतरवावं लागतं का? कोणाच्या आईने, सासूबाईंनी केलं असेल तर सांगा, तिला वाचून दाखवतो. माझं ऐकत नाही.

चादर, ताट-वाटी, थर्मास घेतोय. अजून काय लागेल?